शिष्यवृत्ती : सत्कारासाठी की शिक्षणासाठी?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपती ही विद्येची देवता. लोकमान्यांनी १८९३ मध्ये या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हापासून आरती आणि प्रसादाबरोबर व्याख्यान हाही उत्सवाचा भाग झाला. आपल्या मंडळातही दरवर्षी गुणगौरव होतो. दहावी-बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलांना आपण पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह आणि पाकीट देतो, पालक कौतुकाने फोटो काढतात. हा कार्यक्रम चांगलाच आहे. यंदा मात्र कार्यकारिणीपुढे एक प्रश्न आला आहे. आपल्या शिक्षणनिधीत थोडी भर पडली आहे, तर हे पैसे गुणगौरवाची पाकिटे मोठी करण्यासाठी वापरावेत की आणखी कशासाठी? त्या निमित्ताने शिष्यवृत्ती या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. शिष्यवृत्तीने विद्यार्थ्याचे काय होते आणि शिक्षणाच्या दर्जाचे काय होते, हे दोन प्रश्न आपण आज एकत्र पाहू.

शिष्यवृत्तीची कल्पना आपल्याला नवी नाही. पेशवाईत पुण्याला श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्या पैशाच्या काही भागातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १८४९ मध्ये पुण्यातील सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेच्या निधीतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही बक्षिसे द्यावीत. त्यावर शहरात मोठी खळबळ झाली. अर्जदारांच्या संरक्षणासाठी महात्मा फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले होते. रक्कम तशी फार मोठी नव्हती. पण समाज कोणत्या विद्येला मान देतो आणि कोणाला देतो, हे त्या रकमेवरून ठरत होते. म्हणूनच एवढा वाद झाला.

दुसरे उदाहरण आपल्यातील ज्येष्ठांच्या अधिक परिचयाचे आहे. नाना शंकरशेठ यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळत असे. चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा त्यांनी ही शिष्यवृत्ती पटकावली होती. ‘शंकरशेठ स्कॉलर’ ही जणू एक पदवीच झाली होती. हुशार मुलाने संस्कृत घ्यायचे, हा रिवाज मराठी घरांत आणि शाळांत मुरला, त्यामागे या शिष्यवृत्तीचाही हात होता. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्या गोष्टीला आपण बक्षीस लावतो, ती शाळा शिकवू लागते. बक्षीस योग्य गोष्टीला लावले तर शिक्षण सुधारते, नाहीतर सगळी शक्ती भलतीकडेच खर्च होते.

याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच घेतला आहे. चौथी आणि सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा आठवते ना? बुद्धिमत्ता चाचणीची ती जाडजूड मार्गदर्शिका आणि शाळा सुटल्यावरचे जादा तास! २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी व आठवीला गेली होती. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीला आणण्याचा निर्णय शासनाने घेतला. कित्येक वर्षे या शिष्यवृत्तीची वार्षिक रक्कम हजार-दीड हजार रुपयांच्या पुढे नव्हती. २०२३ मध्ये ती प्राथमिक स्तरावर ५,००० आणि वरच्या स्तरावर ७,५०० रुपये करण्यात आली. रक्कम नाममात्र होती तेव्हाही घरोघरी या परीक्षेचा दबदबा होता.

या परीक्षेने दोन्ही गोष्टी केल्या. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतील गुरुजींनी पदरमोड करून आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग घेऊन खेड्यातील मुले गुणवत्ता यादीत आणली. सरकारी शाळेतही उत्तम शिकवले जाते, हा विश्वास त्यातून पालकांना मिळाला. हा मोठाच लाभ म्हटला पाहिजे. पण दुसऱ्या काही शाळांत काय झाले? वर्गातील दहा-बारा ‘स्कॉलर’ मुले वेगळी काढायची, चांगल्या शिक्षकांनी त्यांच्यावर मेहनत घ्यायची आणि उरलेल्या मुलांनी मागच्या बाकांवर बसून शुद्धलेखन लिहायचे. परीक्षा एकच, शिष्यवृत्तीही एकच. एका शाळेत तिने सगळा वर्ग वर उचलला, तर दुसरीकडे वर्गाचे दोन तुकडे केले. फरक पडला तो गुरुजींच्या दृष्टीमुळे.

यावर परदेशात पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. केनिया देशाच्या पश्चिम भागात २००१ च्या सुमारास सहावीतील मुलींसाठी गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू झाली. वरच्या पंधरा टक्के मुलींना पुढची दोन वर्षे शाळेची फी आणि साहित्याचा खर्च मिळे, शिवाय गावासमोर सत्कार होई. आपल्या गुणगौरवासारखेच म्हणा ना! मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेचा अभ्यास केला. हेच क्रेमर पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. त्यांना असे दिसले की, बुसिया जिल्ह्यात शिष्यवृत्ती मिळण्याची फारशी आशा नसलेल्या मुलींचेही गुण वाढले. ज्यांना ती मिळूच शकत नव्हती, त्या मुलग्यांनाही फायदा झाला. कारण शिक्षक अधिक नियमितपणे शाळेत येऊ लागले. शेजारच्या टेसो जिल्ह्यात मात्र तसा परिणाम ठळकपणे दिसला नाही. तिथे पालकांचा त्या योजनेवर विश्वासच बसला नव्हता.

उलट मेक्सिकोत १९९७ पासून गरीब कुटुंबातील आईच्या हाती, मूल शाळेत हजर राहील या अटीवर पैसे देण्यात आले. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली, मुलींची तर विशेष. पण परीक्षेतील गुणांत तशी वाढ आढळली नाही. म्हणजे पैशाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. दाराच्या आत काय शिकवले जाते, ते शिक्षकावर अवलंबून असते. शिष्यवृत्ती हा शिक्षणाला पर्याय नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या थोर पुरुषांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांपुढे प्रश्न होता तो खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलाच्या राहण्या-जेवण्याचा. त्या काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. पण तीही सोय सर्व जातींच्या मुलांना कुठे होती? म्हणून महाराजांनी १९०१ मध्ये मराठा वसतिगृह काढले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांना जागा, पैसा आणि आश्रय दिला. हातात चार रुपये देण्यापेक्षा डोक्यावर छप्पर आणि अभ्यासाला सोबत देणे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत बी.ए. करताना दरमहा २५ रुपये आणि १९१३ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. भारताच्या इतिहासात एवढे फळ देणारी शिष्यवृत्ती क्वचितच दुसरी असेल. पण तिचा उत्तरार्ध आपण सांगत नाही. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला जातीमुळे कोणी घर देईना! शेवटी नोकरी सोडावी लागली. स्वतः पैसे साठवून आणि शाहू महाराज व नवल भथेना यांच्यासारख्यांच्या मदतीने ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

मधली तीन वर्षे अशी गेली. बाबासाहेबांची जिद्द असामान्य होती म्हणून ते परत उभे राहिले. सामान्य मुलाचे काय झाले असते? शिष्यवृत्ती मध्येच थांबली, तर बहुतेकांचे शिक्षण तिथेच थांबते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. पैसाही हवा आणि चांगले महाविद्यालयही हवे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर आणखी निराळी वाट धरली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शिकत. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. पण अण्णांनी त्याबरोबर १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालयही काढले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मुलाला शाळेत आणायचे तर त्याला शिकवणारा चांगला माणूसही आधी घडवायला हवा.

आता आपण राहतो त्या पंजाबकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, म्हणजे देशातील राज्यांत सर्वाधिक. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर इथली लाखो घरे अवलंबून आहेत. २०१७ नंतर केंद्र आणि राज्य यांच्यात खर्चाच्या वाटणीचा पेच पडला आणि महाविद्यालयांची कोट्यवधींची येणी थकली. काही संस्थांनी मुलांच्या पदव्या आणि गुणपत्रिका अडकवून ठेवल्या, काहींनी परीक्षेच्या तोंडावर फी भरा म्हणून सांगितले. प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि तो थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात देण्याचे ठरले. थेट खात्यात का? कारण अनुभव कडू होता. शेजारच्या हिमाचलात सुमारे अडीचशे कोटींच्या शिष्यवृत्ती घोटाळ्याच्या आरोपांवरून सीबीआयने २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला. मुलांच्या नावे पैसे उचलायचे आणि मुलांना पत्ताही नाही, असा तो प्रकार. महाराष्ट्रातही अशा तक्रारींची विशेष पथकाकडून चौकशी करावी लागली होती.

पैसे कागदोपत्री मंजूर होणे आणि फी भरायच्या दिवशी हातात पडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. जुलैमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलीला पुढच्या मार्चमध्ये शिष्यवृत्ती मिळाली, तर मधले आठ महिने तिच्या वडिलांनी सावकाराचे उंबरठे झिजवलेले असतात. तिने पुस्तके घेतलेली नसतात, कदाचित शिकवणी किंवा नोकरी धरलेली असते. तिचे गुण घसरतात आणि मग आपणच म्हणतो, ‘स्कॉलरशिप देऊनही ही मुले शिकत नाहीत.’ उशिरा आलेली मदत विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा दर्जा असा खाली आणते.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. आपल्यात बँकेत, लष्करात, मोहालीच्या कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारे आहेत. पंजाबच्या गावोगावी सोन्या-चांदीची गलाई करणारे आपले विटा, खानापूर, आटपाडीकडील बांधवही आहेत. कारागिराचे कुटुंब गावाकडून इथे येते, तेव्हा मूल चौथी-पाचवीत असते. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला ते बसू शकत नाही, कारण ती तिथल्या शाळांतील मुलांसाठी आहे. इथे आल्यावर गुरुमुखी लिपी येत नाही आणि २००८ च्या कायद्याने पंजाबी विषय पहिली ते दहावी सक्तीचा आहे. गणितात हुशार असलेले मूल पंजाबीत मागे पडते आणि सगळाच आत्मविश्वास घालवून बसते. केंद्र सरकारची आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १२,००० रुपयांची. पण ती खासगी शाळेतील मुलांना मिळत नाही. पालकांनी हौसेने छोट्या इंग्रजी शाळेत घातलेले मूल त्यातून आपोआप बाहेर पडते.

दाखल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका कुटुंबातील मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले की, एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर त्या राज्याच्या सवलतींसाठी सोबत येत नाही. म्हणून महाराष्ट्रातील दाखल्यावर पंजाब राज्याच्या सवलती मिळत नाहीत. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याने मूळ रहिवासाच्या राज्याकडे अर्ज करायचा असतो. ही माहिती नसल्याने मुले इथे अर्ज करतात, तो फेटाळला जातो, तोवर तिकडची मुदत संपलेली असते. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एक कागद अडला की वर्ष गेले. बुद्धी असून, योजना असून, केवळ माहितीअभावी मूल वंचित राहते. मित्रहो, हे दुःख टाळणे आपल्या हातात आहे.

तेव्हा कार्यकारिणीपुढे मी नम्रपणे काही सूचना ठेवतो.

पहिली, गुणगौरव जरूर चालू ठेवावा, पण पाकिटे मोठी करू नयेत. नव्वद-पंचाण्णव टक्के मिळवणाऱ्या मुलाला शाबासकीचा एक शब्द आणि चांगले पुस्तक पुरेसे आहे. त्याच्याबरोबर, मागच्या वर्षी नापास होण्याच्या बेतात असलेले मूल यंदा पन्नास टक्क्यांवर आले असेल, तर त्याचाही सत्कार व्हावा. आपण ज्याला मान देऊ, त्याकडे मुले वळतील.

दुसरी, नव्या निधीतून गरजू मुलांची फी, वह्या-पुस्तके आणि बसभाडे यांसाठी मदत द्यावी, आणि ती शैक्षणिक वर्षाच्या आरंभी द्यावी. गणेशोत्सवापर्यंत थांबू नये. व्यासपीठावर नाव पुकारूनही देऊ नये. मदत घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. आणि एकदा दिली की ते शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. पाच मुलांना अर्धवट देण्यापेक्षा दोघांना शेवटपर्यंत द्यावी.

तिसरी, दर रविवारी दोन तासांचा वर्ग चालवावा. आपल्यात इंजिनीअर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, इथल्या विद्यापीठांत शिकणारी तरुण मुले-मुली आहेत. त्यांनी गणित-विज्ञान शिकवावे. गुरुमुखी शिकवण्यासाठी मी आज आपल्या पंजाबी सहकाऱ्यांना हात जोडून विनंती करतो. या वर्गाला पैसा थोडाच लागेल, माणसांचा वेळ मात्र नेमाने लागेल.

चौथी, मे ते ऑक्टोबर या काळात मंडळाने शिष्यवृत्ती साहाय्य केंद्र चालवावे. कोणता अर्ज महाराष्ट्राकडे, कोणता पंजाबकडे, कोणता राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, कोणते दाखले सुट्टीत गावी गेल्यावर आधीच काढून आणायचे, हे सांगणारी एक व्यक्ती असावी. दोन माणसे आणि एक संगणक एवढ्यावर हे काम होईल. कदाचित आपल्या सगळ्या निधीपेक्षा जास्त रक्कम या एका टेबलामुळे मुलांपर्यंत पोचेल.

पाचवी, या निधीचा जमाखर्च स्मरणिकेत छापावा. नावे छापू नयेत, आकडे छापावेत. विश्वास नसेल तर चांगली योजनाही फळत नाही, हे केनियाच्या उदाहरणात आपण पाहिलेच.

कोणी विचारील, एवढ्याशा मंडळाने हे करून काय होणार? सरकारच्या हजारो कोटींपुढे आपले काही हजार ते काय? पण सरकार करू शकत नाही ते आपण करू शकतो. आपल्याला ते मूल नावाने माहीत असते. त्याचे वडील कोणत्या दुकानात काम करतात, आईला कोणता कागद समजत नाही, कोणत्या विषयाला ते घाबरते, हे आपल्याला कळते. फी भरायची तारीख कधी आहे, हेही एका फोनवर कळते. एवढी जवळीक कोणत्याही पोर्टलला साधणार नाही.

शाहू महाराजांकडे संस्थान होते, सयाजीरावांकडे खजिना होता. भाऊराव अण्णांकडे यातले काहीच नव्हते, तरी आज रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून लाखो मुले शिकतात. आपण निदान सुरुवात तरी करू या. आजच्या कार्यक्रमानंतर कार्यालयात एक वही ठेवलेली असेल. रविवारच्या वर्गासाठी ज्यांना महिन्यातून एक रविवार देता येईल, त्यांनी आपले नाव आणि विषय तिच्यात लिहावा, एवढेच मागणे मागतो.

 विघ्नहर्ता गजानन आपल्या सर्व लेकरांच्या शिक्षणातील विघ्ने दूर करो आणि त्या कामी आपल्यालाही थोडे राबवून घेवो, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!